हरभऱ्याचा जनुकसंच

हरभऱ्याचा जनुकसंच म्हणजे हरभरा (शास्त्रीय नाव: सायसर ॲरिएटिनम) या कडधान्य पिकाच्या पेशीत असलेली संपूर्ण आनुवंशिक माहिती होय. जनुकसंचालाच जीनोम असेही म्हणतात. हरभऱ्याच्या जनुकसंचाचे पहिले व्यापक वाचन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर तीन हजारांहून अधिक वाणांचे व रानटी नमुन्यांचे वाचन पूर्ण झाले असून दुष्काळ व मर रोग यांना तोंड देणारे वाण तयार करण्यासाठी या माहितीचा उपयोग होत आहे. या संशोधनाच्या पूर्वतयारीत महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या ‘विजय’ या वाणाचा महत्त्वाचा वाटा आहे.

पीक व प्रदेश

हरभरा हे फॅबेसी कुलातील वर्षायू पीक आहे. त्याचे देशी व काबुली असे दोन मुख्य प्रकार आहेत. देशी हरभऱ्याचा दाणा लहान, टोकदार व तपकिरी टरफलाचा असतो. काबुलीचा दाणा मोठा, गोलसर व फिकट रंगाचा असतो. जगातील हरभऱ्याच्या उत्पादनात भारताचा वाटा निम्म्याहून बराच अधिक आहे.

क्षेत्रफळाच्या दृष्टीने अहिल्यानगर हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. पश्चिमेकडील अकोले तालुक्याचा डोंगराळ भाग वगळल्यास जिल्ह्याचा बहुतेक प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. कालव्यांच्या पाण्यावर उसाची शेती वाढली असली, तरी पाथर्डी, कर्जत, जामखेड, पारनेर यांसारख्या तालुक्यांत जिरायती शेतीचे प्रमाण मोठे आहे. पावसाळा संपल्यावर काळ्या जमिनीत उरलेल्या ओलीवर हरभरा घेता येतो. त्याची मुळे खोल जातात आणि मुळांवरील गाठींमधील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. त्यामुळे ज्वारीबरोबरच हरभरा हा रब्बी हंगामाचा आधार ठरला आहे.

मर रोग

हरभऱ्याचे सर्वांत मोठे नुकसान करणाऱ्या रोगांपैकी मर हा एक रोग आहे. तो फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीच्या हरभऱ्यावर वाढणाऱ्या उपप्रकारामुळे होतो. बुरशी मुळांवाटे झाडात शिरते व पाणी वाहून नेणाऱ्या नलिका निकामी करते. जमिनीत ओल असूनही झाड कोमेजते व वाळते. रोगट झाडाचे मूळ किंवा बुंधा उभा चिरल्यास आत तपकिरी-काळी रेघ दिसते.

ही बुरशी पिकाशिवायही सुमारे सहा वर्षे जमिनीत तग धरू शकते. एकदा मर लागलेल्या शेतात फवारणी करून पीक वाचवता येत नाही. बीजप्रक्रिया, ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीचा वापर आणि पिकांची फेरपालट यांमुळे रोग आटोक्यात राहण्यास मदत होते. परंतु लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय म्हणजे रोगप्रतिकारक वाण होय. प्रतिकारशक्ती बियाण्यातच असल्याने तिच्यासाठी वेगळा खर्च करावा लागत नाही.

अडचण अशी की, या बुरशीचे आठ प्रभेद ज्ञात आहेत. एका प्रभेदाला दाद न देणारे झाड दुसऱ्या प्रभेदाला बळी पडू शकते. म्हणून प्रतिकारशक्ती कोणत्या जनुकांमुळे येते आणि ती जनुके कोठे आहेत, हे जाणणे आवश्यक ठरते.

जनुकसंच व क्रमनिर्धारण

सजीवांच्या पेशीतील डीएनएचा रेणू ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन व सायटोसीन या चार घटकांच्या ठरावीक क्रमाने बनलेला असतो. हे चार घटक म्हणजे आनुवंशिक लिपीची चार अक्षरे मानता येतात. ही अक्षरे कोणत्या क्रमाने आली आहेत हे शोधण्याच्या प्रक्रियेस क्रमनिर्धारण किंवा सिक्वेन्सिंग म्हणतात.

हरभऱ्यात गुणसूत्रांच्या आठ जोड्या असतात. एका संचातील अक्षरांची संख्या सुमारे ७३ कोटी ८० लाख आहे. पानावर २,००० अक्षरे आणि ग्रंथात ५०० पाने धरली, तर हा मजकूर ७३८ ग्रंथांत मावेल. भाताच्या जनुकसंचात सुमारे ३९ कोटी आणि मानवाच्या जनुकसंचात सुमारे ३१० कोटी अक्षरे असतात.

कोणतेही यंत्र गुणसूत्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वाचत नाही. डीएनएचे असंख्य तुकडे वाचले जातात आणि त्यांची एकमेकांवर येणारी टोके जुळवून संगणकाच्या साहाय्याने मूळ क्रम उभा केला जातो. एकाच पोथीच्या अनेक प्रती फाडून त्यांच्या तुकड्यांवरून पूर्ण मजकूर लावण्यासारखे हे काम आहे. एकच ओळ पुन्हा पुन्हा येत असेल, तर तुकडा नेमका कोठला हे कळत नाही. हरभऱ्याच्या जनुकसंचाचा जवळजवळ निम्मा भाग अशा पुनरावृत्त क्रमांचा आहे.

राहुरीचे वाण व जनुकीय नकाशा

महात्मा फुले कृषी विद्यापीठाची स्थापना १९६८ मध्ये झाली. राहुरी येथील कडधान्य सुधार प्रकल्पातून विजय, विशाल, दिग्विजय, फुले विक्रम, फुले विक्रांत हे देशी आणि विराट, कृपा हे काबुली वाण प्रसारित झाले. फुले विक्रम हा वाण उंच वाढतो व त्याचे घाटे जमिनीपासून वर लागतात, त्यामुळे यंत्राने काढणी करता येते. १९९० च्या दशकात आलेला विजय हा वाण जिरायती व बागायती अशा दोन्ही पद्धतींसाठी आणि उशिराच्या पेरणीसाठीही शिफारस केलेला असून तो मर रोगास प्रतिकारक आहे.

विजय हा वाण तयार झाला तेव्हा हरभऱ्याचा जनुकसंच वाचला गेलेला नव्हता. संकर, निवड आणि हंगामामागून हंगाम शेतात केलेले निरीक्षण या परंपरागत मार्गानेच तो सिद्ध झाला. पुढे त्याच्या गुणांमागील जनुके शोधण्यासाठी पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व राहुरीचे विद्यापीठ येथील संशोधकांनी संयुक्तपणे काम केले.

या कामासाठी दोन संकर निवडण्यात आले: जेजी ६२ व विजय आणि विजय व आयसीसी ४९५८. जेजी ६२ या वाणाच्या एका देठाला दोन घाटे येतात. परंतु तो मर रोगाला इतक्या सहज बळी पडतो की, रोगाच्या चाचणीत तुलनेसाठी तो मुद्दाम पेरला जातो. आयसीसी ४९५८ हा मोठ्या मूळसंस्थेसाठी व दुष्काळातील तगून राहण्यासाठी प्रसिद्ध आहे. अशा भिन्न गुणांच्या जनकांचा संकर करून पुढच्या पिढीतील प्रत्येक झाडाचा वंश स्वपरागणाने अनेक पिढ्या स्वतंत्र चालवला जातो. अखेरीस प्रत्येक वंशात दोन्ही जनकांच्या गुणसूत्रांचे वेगवेगळे, पण स्थिर मिश्रण तयार होते.

या वंशांपैकी कोणते रोगात टिकले, कोणते सुकले, कोणाचे दाणे मोठे झाले याची नोंद करतात आणि त्यांच्या डीएनएमधील ओळखखुणा तपासतात. या खुणांना रेणवीय चिन्हके म्हणतात. टिकलेल्या सर्व वंशांत विजय या जनकाकडून आलेली एखादी खूण वारंवार आढळली, तर प्रतिकाराचे जनुक त्या खुणेच्या जवळपास असले पाहिजे, असे अनुमान निघते. या पद्धतीने विजय हा सामाईक जनक असलेल्या दोन्ही संकरांवर आधारित एकत्रित जनुकीय नकाशा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. २००९ मध्ये मर रोगाच्या प्रभेद १, २ व ३ यांना प्रतिकार करणाऱ्या जनुकांची नकाशावरील स्थाने प्रसिद्ध झाली.

हा नकाशा म्हणजे क्रमनिर्धारण नव्हे. गावांची नावे व त्यांमधील अंतरे दाखवणारा, पण गावांतील घरे न दाखवणारा तो नकाशा होता. जनुकसंच वाचला गेल्यावर अशा नकाशांमुळेच कोणत्या भागात काय शोधावे हे कळू शकले.

जनुकसंचाचे पहिले वाचन

२०१३ मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात हरभऱ्याच्या जनुकसंचाचा मसुदा प्रसिद्ध झाला. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय अर्धशुष्क उष्ण कटिबंधीय पीक संशोधन संस्था, म्हणजेच इक्रिसॅट, हिच्या पुढाकाराने अनेक देशांतील संस्थांनी हे काम केले. राजीव वार्ष्णेय हे त्याचे प्रमुख होते. सीडीसी फ्रंटियर या कॅनडातील काबुली वाणाचा जनुकसंच त्यासाठी वाचण्यात आला व त्यात सुमारे २८,२६९ जनुके असल्याचा अंदाज करण्यात आला. याच अभ्यासात १० देशांतील ९० लागवडीखालील व रानटी नमुन्यांचेही वाचन झाले.

त्याच वर्षी नवी दिल्ली येथील राष्ट्रीय वनस्पती जनुकसंच संशोधन संस्थेच्या संशोधकांनी आयसीसी ४९५८ या देशी हरभऱ्याच्या जनुकसंचाचा मसुदा प्रसिद्ध केला. राहुरीच्या विजय वाणाबरोबर ज्याचा संकर झाला होता, तोच हा वाण होय.

या काळातील यंत्रे डीएनएचे शे-दोनशे अक्षरांचे लहान तुकडे वाचत. पुनरावृत्त भाग त्यांना जुळवता येत नसे. त्यामुळे पहिल्या मसुद्यात हरभऱ्याच्या जनुकसंचाचा सुमारे तीन चतुर्थांश भागच जुळवता आला.

एकत्रित जनुकसंच

एका वाणाचे वाचन म्हणजे संपूर्ण पिकाचे वाचन नव्हे. एका वाणात असलेले जनुक दुसऱ्यात नसू शकते. म्हणून एखाद्या पिकाच्या अनेक वाणांतील सर्व जनुकांची मिळून यादी केली जाते. तिला एकत्रित जनुकसंच किंवा पॅनजीनोम म्हणतात.

२०१९ मध्ये ४५ देशांतील ४२९ नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ३,३६६ नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ३,१७१ लागवडीखालील व १९५ रानटी होते. या अभ्यासातून तयार झालेल्या एकत्रित जनुकसंचात २९,८७० जनुके आढळली व त्यांपैकी १,५८२ पूर्वी नोंदली गेली नव्हती.

या माहितीवरून हरभऱ्याचा पूर्वेतिहासही काही प्रमाणात उलगडला. लागवडीखालील हरभरा त्याच्या रानटी पूर्वजापासून सुमारे १२,६०० वर्षांपूर्वी वेगळा झाला असावा, असा निष्कर्ष निघाला. हा पूर्वज, सायसर रेटिक्युलेटम, आजही आग्नेय तुर्कस्तानात आढळतो. माणसाने निवडलेल्या थोड्या झाडांवरच पुढील शेती आधारल्याने या पिकातील विविधता कालांतराने घटली. त्यामुळे रानटी हरभरा व जुने स्थानिक वाण यांत उरलेली जनुके पैदासकारांसाठी मोलाची ठरतात.

नवी तंत्रे

लांब तुकड्यांचे वाचन: नव्या यंत्रांपैकी काही यंत्रे दहा ते वीस हजार अक्षरांचा सलग तुकडा अत्यंत अचूक वाचतात. सूक्ष्म छिद्रातून डीएनएचा धागा ओढून विद्युतप्रवाहातील बदलांवरून अक्षरे ओळखणाऱ्या नॅनोपोर तंत्राने एक लाखाहून अधिक अक्षरांचे तुकडेही वाचता येतात. पुनरावृत्त भाग त्यामुळे ओलांडता येतात. मानवी जनुकसंचाचे काम १९९० ते २००३ या काळात झाले, तरी त्यातील अखेरच्या रिकाम्या जागा अशा लांब वाचनांमुळे २०२२ मध्ये भरल्या गेल्या.

त्रिमितीय जवळिकीची नोंद: पेशीत डीएनए गुंडाळलेला असतो. त्याचे कोणते भाग एकमेकांजवळ येतात, हे हाय-सी या तंत्राने नोंदवून वाचलेले तुकडे गुणसूत्रावर योग्य क्रमाने मांडता येतात.

जनुकसंचाधारित निवड: उत्पादनासारखा गुण एका जनुकावर अवलंबून नसतो; त्यामागे अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो. हजारो चिन्हके आणि शेतातील नोंदी यांचा सांख्यिकीय मेळ घालून कोणती रोपे पुढे चांगली ठरतील याचा अंदाज रोपावस्थेतच करता येतो.

शीघ्र पैदास: नियंत्रित तापमान व दीर्घकाळ प्रकाश देऊन हरभऱ्याच्या वर्षाला सहापर्यंत पिढ्या घेता येतात. जनुकीय निवडीशी जोड दिल्यास नवा वाण तयार होण्याचा काळ कमी होतो.

जनुक-संपादन: डीएनएमधील ठरावीक जागी बदल घडवण्याच्या तंत्रास जनुक-संपादन म्हणतात. बाहेरचे जनुक न घालता केलेल्या काही प्रकारच्या बदलांना भारत सरकारने मार्च २०२२ मध्ये जनुकपरिवर्तित पिकांच्या कठोर नियमांतून सूट दिली. मे २०२५ मध्ये जनुक-संपादित भाताचे दोन वाण भारतात जाहीर झाले.

पैदाशीतील उपयोग

चिन्हकांच्या साहाय्याने एका वाणातील हवा तेवढा गुण दुसऱ्या वाणात आणता येतो. त्यासाठी गुण देणारा वाण व लोकप्रिय वाण यांचा संकर करून मिळालेल्या रोपांचा लोकप्रिय वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करतात. प्रत्येक पिढीत डीएनएची तपासणी करून हवे ते जनुक असलेली रोपेच पुढे नेली जातात.

मर रोग: कानपूर येथील भारतीय कडधान्य संशोधन संस्थेच्या संशोधकांनी राहुरीच्या विजय वाणातील प्रभेद २ विरुद्धची प्रतिकारशक्ती पुसा २५६ या वाणात आणली, हे काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. डब्ल्यूआर ३१५ या वाणातील प्रतिकारशक्ती अन्निगेरी १ या कर्नाटकातील लोकप्रिय वाणात आणून रायचूर येथील कृषी विज्ञान विद्यापीठ व इक्रिसॅट यांनी सुपर अन्निगेरी १ हा वाण तयार केला.

दुष्काळ: आयसीसी ४९५८ मधील चौथ्या सहलग्नता गटावर मुळांशी व दुष्काळातील तगण्याशी संबंधित अनेक गुणांचा एक भाग आढळला. २०१५ मध्ये त्याची व्याप्ती सुमारे तीन लाख अक्षरे व २६ जनुके इतकी सीमित करण्यात आली. हाच भाग पुसा ३७२ या वाणात आणून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने पुसा १०२१६ हा वाण विकसित केला.

या पद्धतीत बाहेरच्या जीवजातीचे जनुक घातले जात नाही. हरभऱ्याचाच हरभऱ्याशी संकर होतो. प्रयोगशाळा केवळ निवड अधिक अचूक करते. त्यामुळे असे वाण जनुकपरिवर्तित पिकांत मोडत नाहीत.

मर्यादा

अक्षरांचा क्रम कळल्याने गुणाचा उलगडा आपोआप होत नाही. कोणते झाड रोगात उभे राहिले आणि कोणते कोसळले, ही नोंद शेतातच करावी लागते. ती नोंद चुकीची असेल, तर तिच्यावर आधारलेला जनुकीय निष्कर्षही चुकतो. क्रमनिर्धारणाचा खर्च व वेळ झपाट्याने कमी झाला. परंतु निरनिराळ्या जमिनी व हंगामांत वाणांची पारख करण्यास अजूनही वर्षे लागतात. राहुरीच्या वाणाचे महत्त्व यातच आहे: त्याचा गुण आधी शेतात सिद्ध झाला होता, म्हणून प्रयोगशाळेला त्यामागील जनुके शोधता आली.

प्रतिकारशक्ती कायमची नसते. बुरशीतही बदल होतात व नवा प्रभेद पसरल्यास जुना वाण बळी पडू शकतो. शिवाय उष्ण व कोरड्या हवेत वाढणारी कोरडी मूळकूज हा वेगळा रोग आहे. झाडे वाळतात म्हणून तो अनेकदा मर समजला जातो. मात्र मर रोगाला प्रतिकारक असलेला वाण मूळकुजीलाही प्रतिकारक असतोच असे नाही. म्हणून सुधारित वाण घेतल्यावरही बीजप्रक्रिया व फेरपालट टाळता येत नाही.

जननद्रव्य व हक्क

वाचण्यासाठी बियाणे उपलब्ध असणे ही क्रमनिर्धारणाची पहिली अट आहे. इक्रिसॅटच्या जनुकपेढीत हरभऱ्याचे २०,००० हून अधिक नमुने आहेत. भारताची राष्ट्रीय जनुकपेढी नवी दिल्ली येथे आहे. लोकांच्या पातळीवरही असे जतन चालते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी स्थानिक पिकांचे बियाणे जपण्याचे काम केले असून त्यांना २०२० चा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. शेतातून नाहीसा झालेला वाण पेढीतही नसेल, तर त्यातील जनुके कोणत्याही तंत्राने परत मिळत नाहीत.

पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ अन्वये भारतातील शेतकऱ्याला आपल्या शेतातील बियाणे ठेवण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि नाममुद्रा न लावता विकण्याचा हक्क आहे. क्रमनिर्धारणामुळे नवा प्रश्न निर्माण झाला. बियाणे देशाबाहेर न नेताही त्याचा डीएनए-क्रम संगणकावरून जगभर वापरता येतो. मग त्यापासून होणाऱ्या लाभात ते बियाणे पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्यांचा वाटा कसा ठरवावा? जैवविविधता करारातील देशांनी २०२२ मध्ये माँट्रियल येथे यासाठी बहुपक्षीय व्यवस्था करण्याचे ठरवले आणि २०२४ मध्ये कोलंबियातील काली येथील परिषदेत त्यासाठीच्या निधीची रूपरेषा मान्य केली. या निधीत कंपन्यांनी द्यावयाचे योगदान मात्र सक्तीचे नाही.

हेही पहा

हरभरा
जनुक
डीएनए
मर रोग
महात्मा फुले कृषी विद्यापीठ
राहीबाई पोपेरे
मानवी जनुकसंच प्रकल्प